डाव्या सीटवरची बडबड

२ डिसेंबर, मंगळवार

या डायरीत केळीच्या पाण्याच्या पाळ्या आणि खताच्या गोण्या सोडून दुसरं काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण आज राग आला आहे. घरात राग ऐकून घ्यायला कौसाशिवाय कोणी नाही, आणि राग तिच्यावरच आहे.

आज भाईदासला नंदुरबारला डायलिसिसला नेऊन आणलं. मंगळवार आणि शनिवार, ठरलेलं. भाईदास म्हणजे माझा लंगोटीयार. बायको गेली, मुलगा पुण्यात, किडन्या निकामी. लोणखेड्यात गाड्या काय कमी आहेत? पण तो माझ्याशिवाय कोणाच्या गाडीत बसत नाही. मागच्या सीटवर उशी घेऊन आडवा होतो आणि मी खड्डे चुकवत नेतो. मी नसतो तर त्याचे हाल कुत्र्याने खाल्ले नसते, हे मी त्याला बोलून दाखवत नाही, पण खरं आहे.

तर कौसा. वर्षभरापासून ही बया प्रत्येक खेपेला बरोबर येते. भाईदासभाऊंना पाणी लागलं तर, म्हणते. पूर्वी गाडीत बसली की डोळे मिटून जप करायची. आता शेजारच्या सीटवर बसून शहाद्यापासून नंदुरबारपर्यंत तोंडाचा पट्टा चालू. "ऊसना ट्रॅक्टर चालना दखा, कोना व्हई?" "डावा आंगे मोटारसायकलवर तो पोऱ्या कोना गावना?" "ती बाई दखा, डोकावर भारा लिसन रस्तावर उनी." मला काय ठाऊक कोणाचा ट्रॅक्टर आणि कुठली बाई. पुरुषोत्तमनगरला कारखाना चालू झाला की रस्त्यावर उसाशिवाय दुसरं काय असतं? आज मी म्हणालो, जरा गप्प बसशील का. गप्प बसली. पण पुढच्या गावात शिरताच परत "बकऱ्या शेत, बकऱ्या." म्हातारपणी कोणाची कंबर जाते, कोणाचे गुडघे. हिची जीभ सुटली आहे.

डायलिसिस चालू असताना पाकीट साफ करायला काढलं तेव्हा दिसलं, लायसन या महिन्यात संपतंय.

४ डिसेंबर, गुरुवार

रोशनीच्या ऑनलाइन सेंटरवर गेलो. हुशार मुलगी आहे, नातीसारखी. लायसन हातात घेऊन हसली. "काका, हा फोटो तुमचाच का?" काळ्याभोर मिशा, भांग, छाती पुढे. मी म्हणालो, तुझ्या काकूला विचार, याच फोटोवर भुलली होती. पत्ताही जुना, तापीकाठच्या गावातला. तेव्हा आम्ही शेतावर राहत होतो. सगळंच नवीन करून टाक म्हणालो. मुदत, पत्ता, फोटो.

फोटो तिने तिथेच पांढऱ्या चादरीपुढे काढला. "काका, इकडे बघा. इकडे, माझ्याकडे." डावीकडे कुठेतरी उभी राहून मोबाईल धरला होता तिने. समोर उभं राहून सांग ना बाई, म्हटलं. मग समोर आली.

माझ्या वयाला डॉक्टरचं सर्टिफिकेट लागतं. डॉक्टर घरचाच आहे. भाग्येश, माझ्या बहिणीचा मुलगा. शहाद्यात दवाखाना चांगला चालतो त्याचा.

५ डिसेंबर, शुक्रवार

गंमत ऐका. गल्लीतल्या बेबीबाईने सांगितलं, तुमची कौसा सकाळी भाग्येशच्या दवाखान्यात होती, हातात लोणच्याची बरणी. मला म्हणाली होती, बाजारात जाते. म्हणजे माझ्या सर्टिफिकेटसाठी भाच्याला लोणचं. अगं, मी पेपर चष्म्याशिवाय वाचतो. शिफारस कशाला हवी? मनातून बरंही वाटलं. बोललो नाही. नवऱ्याची काळजी करते, करू दे.

६ डिसेंबर, शनिवार

नंदुरबारहून येताना भाग्येशकडे थांबलो. भाईदास गाडीत, कौसा दवाखान्याच्या दारात उभी. आत ये म्हटलं तरी येईना.

भिंतीवरचा तक्ता खालच्या ओळीपर्यंत घडाघडा वाचला. एक डोळा झाकून, मग दुसरा. भाग्येश म्हणाला, "वा, मामा." मला वाटलं झालं. पण तो उगाच रेंगाळला. माझ्यासमोर स्टूल घेऊन बसला. "मामा, माझ्या नाकाकडे बघा. आता बाजूला किती बोटं?" मी बघितलं, दोन. तो म्हणाला, "तुम्ही मान वळवली." अरे, मान असते कशाला? परत केलं. परत वळवली म्हणाला. मी म्हटलं, भाग्येश, तुला सायकल कोणी शिकवली? तुझा बाप गेला तेव्हा मेडिकलच्या ॲडमिशनला तुला घेऊन नाशिकला कोणी गाडी चालवली? हसत म्हटलं होतं. तो हसला नाही. दाराकडे बघितलं, कौसाकडे. मग खाली मान घालून सही केली. "मामा, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवून घ्या. सहज." बरं म्हटलं. मोठा डॉक्टर झाला की माणसाला काहीतरी सांगावंच लागतं.

घरी येताना कौसाची नेहमीची बडबड नव्हती. नुसती समोर रस्ता बघत होती, आणि मधूनच "ट्रॅक्टर", "सायकल" एवढंच. कशाचा राग धरला होता कोण जाणे. काम तर झालं होतं.

८ डिसेंबर, सोमवार

काल सारंगखेड्याच्या यात्रेला गेलो. यंदा घोडे उमदे आले आहेत. एक पांढरी घोडी नाचत होती, मी तासभर उभा राहिलो असतो. पण कौसाची घाई, उजेडात घरी जायचं. "माले अंधारानी भीती वाटस." या वयात? आमच्या तरुणपणी शेतावर कंदील घेऊन एकटी फिरायची ही. गर्दीत दोनतीन माणसं माझ्या खांद्यावर आदळली. लोकांना चालायचंही वळण राहिलेलं नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

हेमराज सर रुसले आहेत म्हणे. दुधाच्या डेअरीवर त्यांनी नमस्कार केला आणि मी बघितलं न बघितल्यासारखं केलं. मी कशाला तसं करीन? ते आले कुठून तेच कळलं नाही. माणूस शेजारी उभा राहून नमस्कार घालतो आणि वर रुसतो.

कौसा तांब्या रोज वेगळ्या जागी ठेवते. आज परत हात लागून सांडला. बोललो तर म्हणाली, चुकलं. आणि पदराने पुसत बसली.

२२ डिसेंबर, सोमवार

पोस्टमन लायसन देऊन गेला. गुळगुळीत कार्ड, नवा पत्ता, नवा फोटो. पांढऱ्या मिशा, पण चेहरा अजून पाटलाचा. पाच वर्षांसाठी. म्हणजे सरकारने लिहून दिलं की हेमकांत पाटील अजून पाच वर्षं कामाचा माणूस आहे. गेल्या काही वर्षांत कोणी असं लिहून दिलं नव्हतं. शेती वाट्याने दिली, पंचायतीत आता पोरं बसतात, लग्नात मला खुर्ची देतात आणि विचारत काही नाहीत. पण भाईदासला नंदुरबारला नेणं ही गोष्ट माझी आहे. ती माझ्याकडून कोणी घेऊ शकत नाही.

कार्ड कौसाच्या हातात दिलं. तिने बराच वेळ धरून ठेवलं. मग देवापुढे नेऊन ठेवलं आणि हात जोडले. मला हसू आलं. म्हटलं, सत्यनारायण घालायचा का?

२५ डिसेंबर, गुरुवार

आमच्या मयूरीचे दिवस भरायला वेळ होता, पण काल सुरतेहून फोन आला, लेक झाली. दोघी सुखरूप. जावई गाडी घेऊन आले आणि कौसाला घेऊन गेले. आनंदाची गोष्ट, पण बाई निघताना तोंड पाडून उभी. "शनवारले भाईदासभाऊले न्यायले मी भाडाना ड्रायव्हर सांगी ठेया शे. तुम्ही जाऊ नका." का? "जाऊ नका. मी येस तवलगून जाऊ नका." मी म्हटलं, तू नातीला बघ. तिने जावयासमोर माझ्या हाताला हात लावला. असं ती कधी करत नाही. मलाच लाज वाटली.

ड्रायव्हरला संध्याकाळी फोन करून नको सांगितलं.

२७ डिसेंबर, शनिवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

सकाळी भाईदास मागे न बसता पुढे येऊन बसला. आडवं होऊन कंटाळा आला म्हणाला. आणि रस्त्याने काय सांगावं, याच्याही अंगात कौसा शिरली. "हाऊ ट्रॅक्टर कोना रे, डावा आंगे?" "ती मोटारसायकल दख, कशी घुसी ऱ्हायनी." लहानपणापासून ज्याने जगातल्या कशाची चौकशी केली नाही तो माणूस. मी म्हटलं, तुला काय झालं? म्हणाला, टाइमपास.

परतताना डायलिसिसने गळून गेला होता. बसल्या बसल्या डोळा लागला त्याचा. मी सावकाश चालवत होतो. खरंच सावकाश. ऊन उतरलं होतं, रस्ता समोर स्वच्छ दिसत होता. आणि डावीकडे धप्प असा आवाज झाला. आरसा तुटून आत वळला. भाईदास दचकून ओरडला. मी ब्रेक दाबला तरी मला कळत नव्हतं की काय झालं.

उतरून गेलो तर उसाच्या हिरव्या शेंड्यांचं वाढं रस्त्यावर पसरलेलं आणि त्यात एक बाई पडलेली. ऊसतोडीतली. धनुबाई नाव. गुरांसाठी वाढ्याचा भारा डोक्यावर घेऊन कडेने चालली होती. तिचा हात कसा वाकला होता ते लिहवत नाही.

तिचा नवरा दलसिंग मागून धावत आला. माझ्यावर हात उचलील असं वाटलं. त्याने फक्त तिचं डोकं मांडीवर घेतलं. तिला आमच्याच गाडीतून शहाद्याला नेलं. गाडी दुसऱ्याच कोणीतरी चालवली.

२८ डिसेंबर, रविवार

खांद्याचं हाड आणि कोपर, दोन्ही मोडलं आहे. ऑपरेशन आहे. दवाखान्याचं सगळं बघतो असं सांगून आलो.

पोलीस आले होते. हवालदाराने लायसन मागितलं. उलटसुलट बघितलं. "एकदम नवं आहे की. मेडिकलसुद्धा आत्ताच झालेलं." गावातले चारजण माझ्याबरोबर होते, तेही म्हणाले, हेमकांत आबाची गाडी कधी कोणाला लागली नाही, बाईच मध्ये आली असणार. आणि त्या बाईनेही जबाबात तेच सांगितलं. "माझीच चूक. भारा मोठा होता, मला बाजूला होता आलं नाही." हवालदाराने लिहून घेतलं. मीही माझ्या जबाबावर सही केली, बाई अचानक समोर आली म्हणून.

समोर आली. हे मी सही करताना वाचलं. ती समोर आली नव्हती. ती समोर कधीच नव्हती. पण मग कुठे होती? रस्ता सरळ, ऊन लख्ख, डोक्यावर एवढा मोठा हिरवा भारा, आणि मला ती दिसलीच नाही.

भाईदासचा फोन आला. मी विचारलं, तुला दिसली होती का? म्हणाला, "मी झोपी जायेल व्हतू. माले झोपाले नको व्हतं." आणि रडायला लागला. त्याने का रडावं ते कळलं नाही.

१ जानेवारी, गुरुवार

कौसा आली. मयूरीला सासूच्या हवाली करून आली. पिशवी ठेवली, पाणीसुद्धा घेतलं नाही. एकच प्रश्न विचारला. "कोनता आंगे?"

डावीकडे, म्हणालो.

ती ओट्यावर खाली बसली.

मग मी चिडलो. काय झालं, बोल ना, सगळे माझ्याकडे असे का बघतात? ती उठली. माझा हात धरून मला अंगणात तुळशीसमोर उभं केलं. "तुळसकडे दखा. मान वळावू नका. मी दिसनू की सांगा." आणि माझ्या डाव्या बाजूला गेली.

मी तुळशीकडे बघत उभा राहिलो. मंजिऱ्या दिसत होत्या, एकेक पान दिसत होतं. मी वाट बघत होतो की ती चालायला कधी सुरुवात करते. तिच्या बांगड्या वाजत होत्या, जवळच. मी म्हटलं, ये ना. ती म्हणाली, "मी आठेच शे." आणि तिचा श्वास माझ्या गालाला लागला. तेव्हा ती दिसली, तुळशीला अगदी चिकटल्यासारखी, एकदम. तोवर तिथे काहीच नव्हतं. अंधारही नव्हता. अंधार असता तर मला कळलं असतं. नुसतं काहीच नव्हतं.

कधीपासून, मी विचारलं.

"दोन वरीस तरी व्हई ग्यात. तुम्ही ताटमधली डावीकडनी वाटी ठेई देत. मी म्हनं भाजी आवडनी नही."

मला सांगितलं का नाहीस? मी ओरडलो. शेजारी ऐकू गेलं असेल.

"भाग्येशले सांगं, सही करू नको म्हनीसन. तो बोलना, मामाले नाही कसं म्हनू. भाईदासभाऊले सांगं. तुम्हले कशी सांगू? तुमना तोंडवर कधी काय बोलनू मी?"

खरं आहे. लग्न होऊन आली तेव्हा माझ्या आईने तिला शिकवलं होतं, नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, चूक काढायची नाही, काही सांगायचंच असेल तर दुसरीकडे बघून सांगायचं. आमच्या सगळ्याच घरांत बायका असंच बोलतात. भाजीत मीठ कमी झालं तर तेसुद्धा भिंतीला सांगतात. तशी ही रस्त्याकडे बघून सांगत होती. रोज, नंदुरबारपर्यंत आणि परत. मी तिला गप्प बस म्हणत होतो.

३ जानेवारी, शनिवार

भाईदासला भाड्याच्या गाडीने नेलं म्हणे.

राग येतो. स्वतःचा कमी, बाकीच्यांचा जास्त, आणि ते चूक आहे हे कळूनही येतो. सगळ्यांना माहीत होतं. बायकोला, भाच्याला, मित्राला. मला लहान मुलासारखं खेळवलं. पोराच्या हातात खोटं स्टिअरिंग देतात तसं. फक्त माझ्या हातात खरं होतं.

६ जानेवारी, मंगळवार

नंदुरबारला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. भाड्याच्या गाडीत, भाईदासबरोबर. यंत्रात तोंड घालून बसवलं, ठिपका दिसला की बटण दाबा. मी बटण हातात धरून बराच वेळ बसून राहिलो. मला वाटलं यंत्र बंद आहे.

काचबिंदू. डाव्या डोळ्यात मधली फट राहिली आहे, उजव्यातही डावीकडची कडा गेली आहे. अक्षर वाचण्यापुरता मधला भाग शाबूत, म्हणून तक्ता वाचता आला. गेलेलं परत येणार नाही. थेंब टाकून उरलेलं टिकवायचं. डॉक्टर म्हणाले, वर्ष दोन वर्षं आधी यायला हवं होतं. कौसा भिंतीकडे बघत उभी होती.

परतताना मी भाईदासला म्हटलं, आता तुझं कसं होणार? तो मागे उशीवर आडवा होता. उठून टेकून बसला. मग म्हणाला, "हेमकांत, मन्हा पुनाना आंडोरनी गाडी लाई देल व्हती, पयला महिनामाच. मीच नको म्हनं. तू घर बसना असता तर मरी जाता." मग म्हणाला, "तू गाडी चालाई नही तरी मी मरस नही रे."

मी खिडकीबाहेर बघत बसलो. ज्याला मी ओढून नेतो म्हणत होतो, तो आपलं दुखणं घेऊन माझ्या गाडीत माझ्यासाठी बसत होता. त्या दिवशी त्याचा डोळा लागला म्हणून तो रडला होता.

८ जानेवारी, गुरुवार

पुरुषोत्तमनगरच्या रस्त्याला ऊसतोडीवाल्यांच्या कोपी, पाचटाच्या झोपड्या आहेत, तिथे गेलो. कौसा बरोबर. धनुबाई खाटेवर टेकून बसली होती, हाताला प्लॅस्टर. दलसिंग चुलीजवळ होता. कामावर गेला नव्हता. मी मूर्खासारखं विचारलं, का नाही गेलास? तो म्हणाला, "एकटा कुठे जाऊ? कोयता मोडला ना आमचा." तोडीला नवराबायको मिळून एक कोयता धरतात. तो तोडणार, ती पाचट साळून मोळी बांधणार. एक पडला की दुसरा बिनकामाचा. मुकादमाने त्यांच्या जागी दुसरं जोडपं लावलं. डॉक्टरांनी सांगितलं आहे, हात वर जाईल, पण पहिल्यासारखं वजन उचलता येणार नाही.

मी म्हटलं, बाई, तू माझी चूक असं का सांगितलंस?

ती म्हणाली, "सगळे तेच म्हणत होते. तुमचं कार्ड पण सरकारने बघितलं."

मग मी तिला सांगितलं. मला तू दिसली नव्हतीस, मला त्या बाजूचं काहीच दिसत नाही, तुझी चूक नव्हती. तिने चांगल्या हाताने प्लॅस्टर सावरलं. मग हळूच म्हणाली, "मी रोज विचार करायची, अजून कडेला कसं व्हायचं होतं. कडेला तर पाण्याची चारी होती."

१० जानेवारी, शनिवार

भाग्येश घरी आला होता. मी पोलिसात दुसरा जबाब देणार आहे हे कौसाने त्याला सांगितलं असावं. ओट्यावर बसून खालच्या आवाजात बोलला. "मामा, लायसन कायदेशीर आहे. बाईचा जबाब आहे. तुम्ही दिसत नव्हतं म्हणून सांगितलंत की पहिला प्रश्न विचारतील, सर्टिफिकेट कोणी दिलं." दोन्ही हातांनी तो ओट्याची कड धरून होता. या हातांना मी सायकलचं हँडल धरायला शिकवलं. "मी चुकलो, मामा. पण तुमच्यासाठीच चुकलो ना?"

त्याची दोन लहान मुलं आहेत, दवाखाना आहे, बहिणीने त्याला धुणीभांडी करून शिकवलं. बोललो तर तो अडकतो. नाही बोललो तर धनुबाईची चूक कागदावर कायमची, आणि विम्याचं, भरपाईचं दार तिला बंद. कोणाचा हात मोडायचा ते मीच ठरवायचं आहे.

कौसाला विचारलं, काय करू? जन्मात पहिल्यांदा विचारलं असेल. ती पोळी लाटत होती. पोळपाटाकडे बघून म्हणाली, "भाग्येशना दोन्ही हात शाबूत शेत."

१२ जानेवारी, सोमवार

भाग्येशला सकाळी फोन केला, मी जातो आहे. तो म्हणाला, बरं मामा. फोन ठेवताना त्याने विचारलं, आईला काय सांगू. पुढे काय होईल माहीत नाही. बहीण माझं तोंड बघेल की नाही तेही माहीत नाही.

बसने शहाद्याला गेलो. लायसन खिशात होतं. रोशनी म्हणाली होती, परत करायचं कसं ते शोधून सांगते काका, असं कोणी विचारायलाच येत नाही. पाच वर्षांचं कोरं कार्ड. मी काढून फोटो बघितला. फोटोतला माणूस सरळ समोर बघतो आहे, जणू सगळं दिसतंय त्याला.

पोलीस स्टेशनच्या आवारात गर्दी होती. ओळखीची माणसं होती, आमच्या भाऊबंदांतली दोघं होती, गुळाच्या व्यापाऱ्यांपैकी कोणी होतं. माझ्या वयाचा माणूस बायकोच्या शेजारून चालत नाही, दोन पावलं पुढे चालतो. मी पुढे, कौसा मागे. दाराजवळ तिचा आवाज आला, दुसरीकडेच बघून बोलल्यासारखा. "पायरी कितली उंच बांधेल शे यासनी. डावा आंगे."

मी थांबलो. सगळे बघत होते.

"माले दिसस नही, कौसा," मी म्हटलं. "हात दे."

तिने आधी इकडेतिकडे बघितलं. मग डोक्यावरचा पदर सारखा केला, माझ्या डाव्या बाजूला आली आणि हात धरला.